पगारे भाऊंचा गुरुवारचा डबा

पगारे भाऊ दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं निफाडला जायचे. हातात स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा, आणि गाडीत बसले की तो मांडीवर. वर फळीवर ठेवायचा नाही, खाली पायाशी ठेवायचा नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर होते तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, ठेवा की वर. कोण खातंय तुमची भाजी?"

भाऊ म्हणाले, "भाजी नाही. एकशे चाळीस घरं आहेत यात."

कंडक्टरनं माझ्याकडं बघून डोक्यापाशी बोट फिरवलं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

डब्याच्या खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेली एक काळी डिस्क असायची, हाताच्या पंजाएवढी. तिच्यात आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या घराघरांचे कागद होते. शाळेचे दाखले, जातीचे दाखले, जुन्या नोंदी. वरचा कप्पा रिकामा. डबा नीट बंद व्हावा, एवढंच त्याचं काम. निफाडला त्यांची धाकटी बहीण सिंधू राहते. तिच्या पेटीत तसलाच दुसरा डबा असायचा. हा तिथं ठेवायचा आणि तिथला इकडं आणायचा, म्हणजे एक डिस्क कायम नाशकात आणि एक निफाडात. एका घराला काही झालं तरी दुसऱ्या घरात कागद राहतात. भाऊ म्हणायचे, "एकाच घरात असलेला कागद पाहुण्यासारखा असतो, ताई. कधी उठून जाईल सांगता येत नाही."

ते एका सरकारी कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत कारकून होते. तीस वर्षं त्यांनी वाळवी, उंदीर आणि गळकं छत बघितलं. लोक लांबून यायचे, आजोबाची नोंद मागायचे, आणि भाऊंना सांगावं लागायचं की रजिस्टर आहे पण ते पान नाही. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर बाकावर बसतात. हे गावोगावच्या शाळांत जाऊ लागले. आमच्या कॉलनीतली घरं मूळची देवळा, चांदवड, निफाड इकडची. भाऊ त्या त्या गावच्या शाळेत जायचे, हेडमास्तरांसमोर उभे राहायचे, जुनं रजिस्टर मागायचे आणि पानांचे फोटो काढून आणायचे. कुणी हाकलून द्यायचे. भाऊ पुढच्या महिन्यात परत जायचे.

त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कायम रबराची टोपी असायची. कारकून पानं उलटायला घालतात ती. जेवतानाही काढायचे नाहीत, मग आठवण झाली की काढून खिशात टाकायचे. चष्म्याला सुतळी. बोलताना कुणाचं नाव आलं की आधी घर नंबर सांगायचे. माझ्याबद्दलही कुणाला सांगायचे ते असं, "घर सत्तेचाळीस. दवाखान्यात आया होत्या, त्या ताई."

मी चौथी शिकलेली. माझ्या बापाला शाळेत घातलं होतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं. एके दिवशी भाऊ दारात आले. "जय भीम, ताई. हात धुऊन या."

"कशाला?"

"या तर खरं."

मी त्यांच्या घरी गेले. कॉम्प्युटरच्या मशीनवर एक पिवळं पान दिसत होतं. देवळ्याकडच्या आमच्या गावच्या शाळेचं. त्यात माझ्या बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण, 'मजुरीस गेला'. मास्तरचं अक्षर वळणदार होतं. भाऊ म्हणाले, "छापून देऊ का?" मी म्हटलं, "लागेल तेव्हा सांगते." कॉलनीत बहुतेक सगळे असंच म्हणायचे. घरात ठेवायला जागा नाही, आणि भाऊंकडं आहेच की.

पुढच्या वर्षी त्या शाळेचे पत्रे बदलले. तेव्हा जुनी रजिस्टरं उघड्यावर पडली आणि लगदा झाली. ते पान मग फक्त भाऊंकडं राहिलं. अशी बरीच पानं होती.

आमच्या गल्लीतले गायकवाड रिक्षा चालवतात. ते भाऊंची फार मस्करी करायचे. "काय पगारे, आज कुणाचा बाप सापडला?" भाऊ म्हणायचे, "तुमचाच शोधतोय. लपून बसलाय." मग गायकवाडांच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश जात पडताळणीत अडकला. पणजोबाची नोंद पाहिजे होती. भाऊंनी ती चांदवडकडच्या एका शाळेतून दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवली होती. पोरीचं काम झालं. गायकवाड पेढे घेऊन आले आणि दारात उभे राहिले, आत जायला लाजत होते. भाऊ म्हणाले, "घर बावन्न, या आत. पेढा मशीनपासून लांब ठेवा."

आता त्या मशीनबद्दल सांगते. मला जेवढं कळलं तेवढंच सांगते.

भाऊंकडं तीन कॉम्प्युटर होते. तिन्ही कुठल्याशा कॉलेजनं भंगारात काढलेले. त्यांच्यावर सगळ्यांकडं असतं ते विंडोज चालत नव्हतं, म्हणून भाऊंनी लिनक्स नावाचं दुसरं घातलं होतं. ते फुकट असतं आणि जुन्या मशीनवरही पळतं. भाऊ त्यावर खूश होते. अडचण एकच होती. दुसऱ्या लोकांच्या मशीनवर एक फोल्डर असतो. त्यात काही टाकलं की ते आपोआप कंपनीच्या मशीनमध्ये जातं आणि तिथं राहतं. घर जळालं तरी कागद राहतो. मी एकदा विचारलं, "वर जातं म्हणजे आभाळात?" भाऊ म्हणाले, "आभाळात नाही, ताई. कंपनीच्या गोदामात." तर तो आपोआप जाणारा फोल्डर त्या कंपनीनं लिनक्ससाठी बनवलाच नव्हता. भाऊ एकेक फाइल हातानं चढवायला बसायचे. पाचशे चढवल्या की मधेच तुटायचं, आणि कुठल्या गेल्या नि कुठल्या राहिल्या ते कळायचं नाही, मग सगळं पुसून टाकायचे. कुणीतरी आपल्या हौसेनं बनवलेलं एक दुसरं काहीतरी त्यांनी वापरून बघितलं. ते चार महिने चाललं आणि बंद पडलं. म्हणून तो डबा. कंपनीचा फोल्डर येईपर्यंत भाऊ स्वतःच्या पायांनी फाइली नेत होते.

त्यांची मुलगी वैशाली पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते. ती दर दिवाळीला म्हणायची, "अप्पा, मी नवीन मशीन घेऊन देते. एका दिवसात सगळं वर जाईल."

"माझ्या मशीनला काय झालंय?"

"काही झालं नाही. पण कंपनी तुमच्यासाठी बनवणार नाहीये, अप्पा."

"मागणी आहे. जगभरातून आहे. मागणी असली की द्यावं लागतं. आपल्याला न मागता कुणी काय दिलंय?"

वैशाली माझ्याकडं बघायची. मी तिची बाजू घ्यायची. हा हट्ट होता, दुसरं काही नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, की हा हट्ट तुम्हाला महागात पडेल. ते म्हणायचे, "पडू द्या. माझ्यासारखे किती आहेत, त्या सगळ्यांनी काय चालती मशीन फेकायची?"

त्या कंपनीचं एक पान होतं. तिथं लोक आपली मागणी लिहितात, आणि ज्यांना तेच हवं ते खाली बटण दाबतात. भाऊ दर सोमवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिथं अर्ज लिहायचे. इंग्रजीत, पण कचेरीच्या पद्धतीनं. वरती विषय, मग संदर्भ, म्हणजे आपल्याच मागच्या अर्जाची तारीख, मग महोदय. मी भाकरी द्यायला गेले की मला मराठीत वाचून दाखवायचे. 'उपरोक्त विषयी सविनय विनंती करण्यात येते की.' मी म्हणायची, "कोण वाचतंय हो हे?" ते म्हणायचे, "ब्राझीलच्या एका माणसानं वाचलं. त्यानं लिहिलंय, मी पण थांबलोय." त्या माणसाचं नाव त्यांना पाठ होतं. बटण दाबणारे दोन-चार वाढले की मला हाक मारून सांगायचे, जसं काही घरात पाळणा हलला.

कंपनीचं उत्तर दर वेळी एकच. मागणी विचाराधीन आहे.

एकदा ते उत्तर वाचून भाऊंनी अंगठ्याचं रबर काढलं, परत घातलं. म्हणाले, "हा शेरा मी स्वतः तीस वर्षं लिहिलाय, ताई. लोकांच्या अर्जांवर. मला त्याचा अर्थ माहीत आहे."

"मग कशाला लिहिता दर सोमवारी?"

"ते लोकही परत परत यायचे," ते म्हणाले.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. मी दवाखान्यात जन्म काढलाय, मला बघूनच कळलं. किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसचे दिवस मिळाले सोमवार आणि गुरुवार. भाऊंनी दुसरे दिवस मागून बघितले, मिळाले नाहीत. गुरुवारची गाडी बंद झाली. इतर दिवशी अंगात उभं राहायचीही ताकद नसायची. डायलिसिसला जाताना त्यांच्याबरोबर मी असायची, कारण त्यांची बायको आधीच वारलेली आणि वैशाली पुण्यात. निफाडचा डबा सिंधूच्या पेटीत पडून राहिला, आणि इकडची डिस्क मशीनला लावलेली. डबा दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, म्हणून पाच महिने अदलाबदल नाही.

वैशालीनं तेव्हा जोर धरला. "अप्पा, आता तरी." भाऊ पहिल्यांदाच हो म्हणाले. दिवाळीला घेऊन ये म्हणाले.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी कॉलनीतला विजेचा डीपी उडाला. लाईट गेली, आली, गेली, आणि परत आली ती एवढ्या जोरानं की गायकवाडांचा टीव्ही आणि माझा पंखा दोन्ही जळले. भाऊंची तिन्ही मशीन गेली. मशीनला लावलेली डिस्कही गेली. भाऊ खुर्चीत बसून होते. मला म्हणाले, "निफाडचा आहे. तुम्ही जाल का?"

मी दुसऱ्या दिवशी गेले. सिंधूनं पेटीतून डबा काढला. चहा केला. भावाची चौकशी करताना रडली. मग डबा हातात घेऊन म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं झाली, दादा म्हनतो वरचा कप्पा रिकामा ठेव. मी रिकामाच दिला. पन आता तो इतका आजारी हाय. भावाकडं रिकामा डबा कसा धाडू? जिवाला लय लागतं वो."

आमच्यात भरलेला डबा आला की रिकामा परत करत नाहीत. मूठभर साखर का होईना, घालतात. आणि आजारी माणसाच्या घरी रिकामा डबा गेला की बाईच्या मनात वाईट येतं. मी म्हटलं, "टाक वरच्या कप्प्यात काहीतरी. खालचं खाली राहील." हे मी म्हटलं. सिंधूला दोष देण्यात अर्थ नाही.

शेजारच्या गुऱ्हाळातून नुकतीच काकवी आली होती, गरम. तिनं वरचा कप्पा भरला. भाऊंना काकवी खायची बंदी आहे हे मला माहीत होतं. तरी मी काही बोलले नाही, म्हटलं बहिणीचं मन राहील. गाडीत डबा मी मांडीवर घेतला होता, पण चांदोरीच्या पुढं मला डुलकी लागली. जागी झाले तेव्हा डबा तिरका झाला होता आणि माझं लुगडं चिकट.

घरी येऊन उघडलं. काकवी खाली उतरली होती. फडकं भिजलेलं, डिस्क चिकट. मी काय केलं ते लिहिते. मी ती डिस्क नळाखाली धरली. कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, फटीफटींतून बोट फिरवून स्वच्छ धुतली. तीस वर्षं दवाखान्यात भांडी नि अवजारं धुतली, चिकट काही दिसलं की माझा हात दुसरं करत नाही. स्वच्छ पंचानं पुसली, उन्हात वाळवली, आणि नव्या फडक्यात गुंडाळून भाऊंना नेऊन दिली. मला वाटलं, मी सावरून घेतलं.

गायकवाडांनी कुणाचा तरी कॉम्प्युटर आणून दिला होता. भाऊंनी डिस्क लावली. तिनं एकदा किरर आवाज केला आणि बंद पडली. भाऊंनी काढली, परत लावली. मग ती नाकापाशी नेली.

"धुतलीत का, ताई?"

"हो. चिकट होती. सिंधूनं वर काकवी दिली होती."

"साबणानं?"

"साबणानं."

त्यांनी डिस्क फडक्यात ठेवली आणि फडक्याच्या चारी कडा दुमडल्या. "नीट धुतलीत," ते म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गायकवाड भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या धाकट्या पोराची पडताळणी अजून व्हायची होती, आणि पोरीच्या वेळची प्रत कचेरीत जमा झालेली.

वैशालीनं डिस्क पुण्यात एका माणसाला दिली, जो असलं मोडलेलं उघडतो. महिन्याभरानं तिसरा हिस्सा परत आला. पण नावं गेली होती. नुसती पानं, कुठल्या घरचं ते नाही. काही अर्धी, काही नुसती काळी. वैशालीनं ती तिच्या नव्या मशीनवर आणली, आणि तिच्या फोल्डरमधून एका दुपारी सगळी वर गेली. भाऊ बघत होते. म्हणाले, "एवढंच होतं."

मग डायलिसिस नसेल त्या दिवशी ते पडल्या पडल्या ती पानं बघायचे आणि घर नंबर सांगायचे. वैशाली फोनवरून लिहून घ्यायची. अक्षर बघून शाळा ओळखायचे. "हे चांदवडकडचं, मास्तर डावखुरा होता. घर एकोणीस." कधी अर्धा तास एका पानाकडं बघायचे आणि म्हणायचे, "नाही येत. पुढं." गायकवाडांची नोंद मिळाली नाही. माझ्या बापाचं पान मिळालं नाही. मी दर वेळी विचारायची नाही, पण त्यांना कळायचं. म्हणायचे, "सत्तेचाळीस अजून नाही, ताई."

ऐंशीच्या वर पानांना नावं लागली. बाकीची तशीच आहेत. वर आहेत, सुरक्षित आहेत, पण कुणाची ते सांगणारं कुणी राहिलं नाही. ते फेब्रुवारीत गेले.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सिंधू आली होती. डबा माझ्याकडंच राहिला होता, घासूनपुसून ठेवलेला. जाताना मी तो तिच्या हातात दिला. तिनं वरचं झाकण उघडून बघितलं, मग खालचा कप्पा. दोन्ही रिकामे. तिनं झाकण लावलं आणि डबा पिशवीत घातला.

पण मला ते दिसतात ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारचे. डायलिसिसच्या सेंटरमध्ये शेवटची कॉट, खिडकीजवळची. इस्त्रीचा शर्ट घातलेला, बाही वर करून उजव्या हातात सुया. फोन मी धरला होता. कंपनीचं उत्तर आलं होतं. त्यांनी मला मराठीत सांगितलं, की मागणी फार जुनी झाल्यामुळे निकाली काढण्यात येत आहे.

"शेरा बरोबर आहे," ते म्हणाले. "खाली सही नाही. सही पाहिजे."

"बंद झालं ना मग?"

"तो अर्ज बंद झाला. नवीन करावा लागेल. फोन जवळ आणा."

"तुमचे कागद तर गेले वर, पोरीनं चढवले. आता कशाला?"

ते डाव्या हातानं लिहायला लागले. उजव्या अंगठ्यावरचं ते रबर आता डाव्या अंगठ्यावर चढवलेलं होतं, सवयीनं, आणि रबरानं फोन दबत नव्हता. मी म्हटलं, काढा ते. त्यांनी दातांनी ओढून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग एकेक अक्षर. मधे दम लागायचा, थांबायचे, परत.

"विषय काय घातला?" मी विचारलं.

"तोच."

सिस्टर आली. वेळ झाली, सुया काढायच्या म्हणाली. भाऊ फोनवरून नजर न काढता म्हणाले, "दोन ओळी राहिल्यात, बाई. थांबा."

ती थांबली. मीही फोन धरून उभी होते.